गिरकी सैल नव्हती

अक्का,

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. इतक्या दिवसांत मी मनातल्या मनात तुझ्याशी जेवढं बोलले, त्यातलं निम्मं भांडणच आहे. लोक येतात, दाजींच्या समोर सतरंजीवर बसतात, तू किती मोकळ्या मनाची होतीस, किती मुलींना उभं केलंस, असं बोलतात. खरंच आहे ते. मी मान हलवते. आणि मनात म्हणते, ही माझ्याशी आठ वर्षं खोटं बोलली, ते कुणाला सांगू?

तुलाच सांगते. तुझ्याशिवाय ते कुणाला नीट कळणारही नाही.

मी तुझ्याकडं आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कबनूरहून दोन बस बदलून राजारामपुरीत उतरले आणि तुझा हॉल शोधत तीन गल्ल्या उलटसुलट फिरले. खाली बारावीचा क्लास, वर तुझा हॉल. गणपतीच्या कार्यक्रमांसाठी तुझ्या ग्रुपला एक मुलगी कमी पडत होती आणि आमच्या शाळेतल्या बाईंनी तुला माझं नाव सुचवलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचले होते, तेवढीच माझी तयारी. तू मला नाच म्हणाली नाहीस. चप्पल काढून चाल म्हणालीस. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. तू खाली मांडी घालून बसली होतीस आणि फक्त माझे पाय बघत होतीस.

"पायात ठेका हाय की तुझ्या," म्हणालीस. "कुठनं आणलास?"

आमच्या घराला लागूनच माग आहेत, माझे वडील, आण्णा, मागावर काम करतात, लहानपणापासून उठता-बसता तीच खटखट ऐकतेय, असं मी सांगितलं. मग निम्मं शिकवून झालंय, असं तू म्हणालीस आणि मला मागच्या ओळीत उभं केलंस.

तू पाय बघत होतीस, मी आरसा बघत होते. त्या दिवशी हॉलमध्ये नऊजणी होत्या आणि नऊजणींत मी सगळ्यांत काळी होते. सावळी म्हणायची पद्धत आहे. पण मी काळीच आहे, आमच्या घरात आण्णा आणि मी. तू मात्र अशी गोरी, की स्टेजवर तुला मेकअप फार लावायला लागायचा नाही. हे मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. आणि मला वाटायचं, तू बघितलंच नाहीस.

तीन महिने तू मला मागच्या ओळीतून हलू दिलं नाहीस. त्या तीन महिन्यांत जे शिकवलंस ते नाचापेक्षा जास्त कामाचं होतं. आपण कलाकार वगैरे नंतर, आधी कामावरच्या बायका, असं तुझं म्हणणं. कार्यक्रम सातचा असेल तर पाचला तयार असायचं. पिना स्वतःच्या आणायच्या आणि दुसरीला पुरतील एवढ्या आणायच्या. शेजारची चुकली तर तिच्याकडं बघायचं नाही, आपणही तीच चूक करायची, म्हणजे लोकांना ती चूक वाटतच नाही. हे ऐकून मी हसले होते. पुढं एका लग्नाच्या संगीतात तूच एक ठेका आधी वळलीस, आणि आम्ही आठजणी तुझ्यामागं वळलो. खाली उतरल्यावर तू प्रत्येकीच्या पाठीवर एकेक थाप मारलीस.

आणखी एक सांगते, ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. मी हे तुला सांगितलं नव्हतं. नवीन मुलीनं असल्या अडचणी सांगू नयेत, असं मला वाटायचं, म्हणून सरावाच्या दिवशी मी उपाशीच बसनं घरी जायचे. हे तुला कसं कळलं, कुणास ठाऊक. एके दिवशी ऐन सरावात तू गाणं बंद केलंस आणि म्हणालीस, पद्माचं जेवण, आणि तुझा डबा माझ्यापुढं सरकवलास. खालच्या क्लासचे सर काठीनं छत ठोकायचे तेव्हासुद्धा गाणं बंद न करणारी तू, त्या दिवसापासून रोज पावणेसहाला थांबायला लागलीस. थंडीत तर साडेपाचलाच. बाकीच्या मुली कुरकुरायच्या. मग त्याही डबे आणायला लागल्या, आणि आपलं सगळ्यांचंच जेवण सूर्यास्ताच्या आधी व्हायला लागलं.

आता पुण्याचं.

टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमासाठी निवड चाचणी होती. मला जायचंच नव्हतं, तू माझा फॉर्म भरलास आणि स्वतः बरोबर आलीस. सकाळी सातला रांगेत उभ्या राहिलो, माझा नंबर आला दुपारी तीनला. तू दाराच्या काचेतनं बघत होतीस. आतल्या तिघा परीक्षकांपैकी एकानं विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, कोल्हापूरहून आलो. ते हसायला लागले. मुलगी आणि आलो म्हणते. आमच्याकडं बायकाही तसंच बोलतात, हे त्यांना कुठं ठाऊक. त्यातनं सावरेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. पहिलं कडवं संपायच्या आत हात वर करून मला थांबवलं, थँक यू म्हणाले आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

बाहेर येऊन मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तर तू मला बाजूला केलंस. उरलेला नाच कुठाय, म्हणालीस. मला कळेना. तू हात धरून मला मैदानाच्या कडेला उसाच्या रसाच्या गाड्यामागं नेलंस, मोबाइलवर गाणं लावलंस आणि त्यांनी जिथं थांबवलं होतं तिथून पुढं मला नाचायला लावलंस. अर्धा नाच अंगात ठेवून घरी जायचं नाही, तो आत कुजतो, असं म्हणालीस. मी रडत रडत नाचले. रसवाला आणि त्याची बायको बघत होते. शेवटची गिरकी घेऊन थांबले तेव्हा त्या बाईनं न मागता दोन ग्लास रस पुढं केला. मी लिहिताना 'आले' लिहितेय, पण त्या दिवसापासून बोलताना हट्टानं 'आलो'च म्हणते, ते तुझ्यामुळं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, मला का काढलं असेल? तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. कराड आलं. मग म्हणालीस, "गिरकी सैल पडली तुझी."

मी ते धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पन्नास गिरक्या उजवीकडं, पन्नास डावीकडं. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्यावर नजर ठेवून फिरायचं. आधी चक्कर यायची, उलटी व्हायची. नंतर खोली फिरायची थांबली. पुढच्या वर्षी मुंबईला गेलो, तिथंही घेतलं नाही. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, गिरकी. मी पन्नासच्या पंचाहत्तर केल्या. उजवा गुडघा तेव्हापासून दुखतो.

मग इथल्याच हॉटेलातली निवड. चित्रपटातल्या एका गाण्यासाठी मागं नाचायला मुली हव्या होत्या. मुली पुरवणारा माणूस तुझ्या ओळखीचा, आम्ही तिघी आत गेलो, तू बाहेर थांबलीस. सुनीता, मंजिरी आणि मी. त्या दोघी माझ्याकडूनच स्टेप शिकल्या होत्या. त्या दोघींना घेतलं. मी चपला घालत होते, दार उघडं होतं, आणि तो माणूस आतल्या कुणालातरी सांगत होता की तिसरी नाचते बरी, पण गोऱ्या मुलींच्यात एकटी उठून दिसेल, राहू दे.

मी तुला सांगितलं. रस्त्यावर, रिक्षा स्टॉपजवळ, चार माणसं ऐकत असताना. माझ्या कानानं ऐकलंय म्हटलं. तू सगळं ऐकून घेतलंस. आणि तरीही म्हणालीस, "गिरकी सैल होती."

तेव्हा मी तुला बोलले ते अजून मला टोचतं. "तू गोरी हायस, अक्का. तुला काय कळणार."

रिक्षात बसताना तू एवढंच म्हणालीस, उद्या सरावाला ये.

मी गेले नाही. दोन महिने गेले नाही. कबनूरमध्ये आण्णा काम करतात त्याच कारखान्यात कांडी मशीनवर कामाला लागले. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. कुणी तोंड बघून कामावर घेत नाही की काढत नाही, सूत तुटलं तर सांधायचं, एवढंच. मला वाटलं हे बरंय. मागांच्या आवाजात रडलेलं ऐकू जात नाही, हेही बरंय.

मग एका रविवारी तू स्कूटरवरून दारात. माझ्या आईनं, अव्वानं, तुला ओळखलं नाही, मीच दार उघडलं. तू नाचाचा विषयच काढला नाहीस. आण्णांच्या बरोबर माग बघून आलीस, अव्वाच्या हातची भाकरी खाल्लीस, तीही पाच वाजता, आमच्या वेळेनुसार. निघताना म्हणालीस, चार शाळांची गॅदरिंग आलीत, एकटीला झेपत नाही, लहान पोरांना शिकवायला कुणीतरी पाहिजे. येतेस का? नाच म्हणून बोलवत नाही, काम म्हणून बोलवते.

काम म्हणून मी आले. साठ-साठ पोरांना ओळीत उभं करायचं, रडणाऱ्याला पुढं घ्यायचं, मिरवणाऱ्याला मागं. त्यातच मला परत नाचावंसं वाटायला लागलं. तू हे आधीच ओळखलं होतंस, की मला खरंच मदतीला बोलावलं होतंस, हेही विचारायचं राहिलं.

गेल्या दिवाळीनंतर ती मोठी निवड झाली. गावोगाव फिरणारं नृत्यनाट्य, वर्षभराचं काम. तू तेव्हा आजारी होतीस, बरोबर आली नाहीस. मी एकटी गेले. नाच संपल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, ती गिरकी परत घे. मी घेतली. पुन्हा एकदा, म्हणाल्या. मी घेतली. मग त्यांनी विचारलं, कुणाकडं शिकलीस? मी तुझं नाव सांगितलं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बाहेर येऊन तुला फोन केला, घेतलं मला म्हणून सांगितलं.   तू म्हणालीस, गुडघ्याला बर्फ लाव.

मला वाटलं, आपल्या दोघींचं सगळं फिटलं. तू म्हणत होतीस तेच खरं निघालं. गिरकी घट्ट झाली आणि मला घेतलं.

आणि मग तो सोमवार. दाजी डबा आणायला घरी गेले होते. मी दवाखान्यात तुझ्या पायथ्याशी बसून तुझ्या तळव्यांना तेल लावत होते. किती वाळले होते पाय तुझे. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोप लागली.

"पद्मे," म्हणालीस, "गिरकी सैल नव्हती."

मी विचारलं, कुठली?

"कुठलीच. पुण्याची न्हाय, हॉटेलातली न्हाय. तुझी गिरकी पहिल्यापासनंच चांगली होती."

"मग काय होतं?"

"तू म्हणत होतीस तेच."

माझा हात थांबला. आजारी माणसावर रागवायचं नसतं, हे मला कळतं. पण राग आला, अक्का. इतका आला की तेलाची बाटली मी बाजूला ठेवून दिली.

"मग मला खोटं का सांगितलीस? आठ वर्षं?"

तू डोळे उघडलेस. "रंग म्हटलो असतो तर तू घरी बसली असतीस. रंगाचा काय सराव करणार हुतीस? गिरकीचा करता येतोय."

"निदान माझं काही चुकलं न्हाय एवढं तरी कळलं असतं. दर टायमाला मी काय समजून घरी जात होतो, अक्का? मला नाचच येत न्हाय असं समजून जात होतो."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर असं काही मी कधी बघितलं नव्हतं.

"ते माझ्या ध्यानात आलं न्हाय," म्हणालीस. मग म्हणालीस, "न्हाय. आलतं. पण..."

तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या, आणि मागोमाग दाजी डबा घेऊन. तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, उद्या बोलू. मंगळवारी तुला ताप चढला, तोंडावर मास्क. बुधवारी सगळं संपलं.

त्या 'पण'च्या पुढं काय होतं? मी रोज एक नवीन उत्तर घालून बघते. पण तुला गमवायचं नव्हतं. पण मला दुसरं काही सुचलं नाही. पण तुझा गुडघा जाईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आवाजात म्हणून बघते. कुठलंच पूर्ण बसत नाही.

दहाव्या दिवशी सुनीता आली होती. आता साताऱ्याला असते, दोन मुलं आहेत. मागच्या खोलीत बसून रडता रडता ती म्हणाली, अक्कानं त्या हॉटेलातल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी गाठलं होतं. तुला एकही मुलगी मिळणार न्हाय, असं तोंडावर सांगून आली. मंजिरीला आणि मला पण पाठवली नाही त्या गाण्याला. आम्ही किती चिडलो होतो.

मी तेव्हा कबनूरमध्ये कांड्या भरत होते. त्या माणसाचं काम आपल्याला पुन्हा कधी का मिळालं नाही, याचं मला नंतर नवल वाटायचं. म्हणजे भांडलीस तू. माझ्या पाठीमागं जाऊन माझ्या रंगासाठी भांडलीस, आणि माझ्यासमोर गिरकी सैल म्हणत राहिलीस. याला मी काय म्हणू, अक्का? त्या रात्रभर मी तुला शिव्या दिल्या आणि सकाळी उठून तुझ्या फोटोपुढं डोकं टेकलं. तू गोरी, तुला काय कळणार, असं म्हणाले होते, त्याची माफी मी कधीच मागितली नव्हती. आता मागते. पण खोटं बोलायला नको होतंस, हे माझं म्हणणं मागं घेत नाही.

दौरा पुढच्या महिन्यात सुरू होणार. तोवर मी परवापासून हॉल उघडला. दाजींनीच उघड म्हणून सांगितलं, बंद दाराकडं बघवत नाही म्हणाले. सहा मुली आल्या. त्यांतली रेश्मा तुला आठवेल की नाही, माहीत नाही, ती आली तेव्हा तुझं येणं कमी झालं होतं. वीस वर्षांची आहे, शाहूपुरीत कापडाच्या दुकानात काम करते, दुकानाच्या आधी सकाळी सरावाला येते. रंगानं माझ्यासारखी. गेल्या आठवड्यात ती एका गाण्याच्या व्हिडिओसाठी निवडीला गेली होती. तिच्या मैत्रिणीनं मोबाइलवर तिचा नाच टिपला होता, तो तिनं मला पाठवला होता. नाही घेतलं तिला.

काल सराव सुरू व्हायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, "ताई, माझं काय चुकलं असंल?"

तुझं उत्तर माझ्या जिभेवर होतं, अक्का. खरंच होतं. ते देणं किती सोपं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. समोर उभी असलेली पोर रडू नये, उद्या परत यावी, एवढंच तेव्हा मनात असतं. तुझ्यावरचा निम्मा राग तिथंच गेला. पण मी ठरवून ठेवलं होतं. मी तिला खाली बसवलं, स्वतः समोर बसले, आणि माझं सगळं सांगितलं. पुण्याचं, हॉटेलातलं. मग म्हटलं, "तुझं काही चुकलं न्हाय. रंगावरनं काढलंय. तुझ्या नाचात काढण्यासारखं काही न्हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी थांबले. ती ओढणी कमरेला बांधत होती. तिनं गाठ मारली आणि माझ्याकडं बघितलं.

"ते मला ठाऊक हाय की, ताई. तिथं दारातच कळतंय. मी हाताचं विचारत होतो. दुसऱ्या कडव्याला माझा हात उशिरा येतोय न्हवं?"

मी मोबाइल काढला आणि तिचा नाच परत बघितला. तीनदा पाठवला होता तिनं मला तो, आणि मी नीट बघितलाच नव्हता. तिचा रंग बघितला होता आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे, असं धरून चालले होते.

हात उशिरा येत होता, अक्का. थोडासाच, पण येत होता. तिची दुकानाची वेळ होईपर्यंत आम्ही तेवढंच घेतलं.